देवीच्या साथीत

फ्रेमवाल्याच्या गल्लीतून संध्याकाळी सायकल न्यायची सोय उरली नव्हती. गल्लीच्या तोंडाशी चपलांचा ढीग आणि ढिगापासून पुढे माणसंच माणसं. कुणी काठी टेकत आलेलं, कुणी लेकाच्या खांद्यावर हात टाकून, कुणी चाकाच्या खुर्चीतून. रांग सरकत सरकत एका पसरट परातीपाशी यायची. परातीत मिठाचं पाणी. त्यात दोन्ही पाय बुडवायचे आणि ओल्या पायांनी ओल्या फरशीवरून पुढे जायचं. पुढे फ्रेमवाल्याच्या दुकानालगतची भिंत, भिंतीवर पितळेची पाटी, पाटीच्या वर एक दिवा. पाटीला तळहात टेकवला की अंगातून झिणझिण्या जायच्या.

त्या खरोखरच जायच्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ज्यांनी या प्रकाराची टिंगल केली, त्यांतल्या बहुतेकांनी स्वतः हात लावून पाहिलेला नव्हता.

पाटीशेजारी दुकानाच्या पायरीवर महाराज बसायचे. महाराज होण्याआधी ते घरोघर फिरून चुंबकाच्या गाद्या विकत. धंदा बसला, एक गादी उरली. ती त्यांनी या पायरीवर टाकली आणि तिच्यावर बसले. गादीवर बसलेल्या माणसाला लोक महाराज म्हणायला फार वेळ लावत नाहीत.

विक्रेत्याची जीभ त्यांनी मोडीत काढलेली नव्हती. "पितळ म्हणजे काय?" ते रांगेला विचारत आणि उत्तराची वाट न बघता पुढे जात. "पितळ म्हणजे कान. भिंत म्हणजे छाती. तुमचा हात म्हणजे तार. आता विज्ञान याला स्पंदन म्हणतं, आम्ही कृपा म्हणतो. भांडण नाही. विज्ञान आमच्या मागून येतंय, येऊ दे सावकाश." मग ते पाटीवरचा मजकूर मोठ्याने वाचत आणि त्याचा अर्थ सांगत. आणि तो मजकूर गर्दीत कोपऱ्याला उभ्या असलेल्या पाटीबाईंनी लिहिलेला होता.

पाटीबाई म्हणजे शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाई. पालिकेने शहरातल्या जुन्या जागांवर माहितीच्या पाट्या लावायचं ठरवलं, तेव्हा मजकुराचं काम त्यांच्याकडे आलं, आणि शहर त्यांचं मूळ नाव विसरलं. त्यांची एकच अट होती : पाटीवर विशेषण नको. 'थोर', 'महान', 'प्रातःस्मरणीय' हे शब्द त्यांनी नगरसेवकांच्या डोळ्यांदेखत खोडले होते. त्यामुळे शहरभर त्यांच्या कोरड्या वाक्यांची पितळं लागली. पुलाच्या कठड्यावर : 'इथे जकात घेत. पूल वाहून गेला त्या दिवशीची जकात घेऊन झाली होती.' बाजाराच्या कोपऱ्यावर : 'इथे सार्वजनिक विहीर होती. पटकीच्या रोगाने शेजारची वस्ती मेल्यावर बुजवली.' छापखान्यावर : 'शहरातलं पहिलं पुस्तक इथे छापलं. शुद्धिपत्र दुसऱ्या पुस्तकात आहे.'

दर रविवारी संध्याकाळी त्या लोकांना घेऊन पाटीपासून पाटीपर्यंत फिरत आणि शहराची गोष्ट सांगत. लोक म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, एक नवं लग्न झालेलं जोडपं आणि बस चुकलेलं कुणीतरी. इतिहासाला एवढी गर्दी पुरते, असं त्या म्हणत. पण आता तो फेरफटका फ्रेमवाल्याच्या गल्लीपाशी अडायचा. पाटीबाईंना त्यांच्याच पाटीपर्यंत पोचता येईना.

त्या पाटीवर लिहिलं होतं : 'शहरातल्या पहिल्या डॉक्टरीणबाई या घरात राहत. देवीच्या साथीत त्यांनी दारोदार जाऊन लस टोचली. लोकांनी दगड मारले. त्यांनी काम थांबवलं नाही.'

देवीचा रोग जगातून गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. अंगावर व्रण असलेली म्हातारी माणसंही संपत आली. रांगेतल्या तरुणांना देवी म्हणजे देवी एवढंच ठाऊक होतं, आणि महाराजांना तेवढं पुरेसं होतं.

"देवीच्या साथीत," ते बोट टेकवून वाचत. "साक्षात देवीची साथ होती बाईंना. मी नाही म्हणत, पालिका म्हणते. आता लस म्हणजे काय? लस म्हणजे रस. जीवनरस. तो बाई दारोदार वाटत होत्या. लोकांनी दगड मारले, तर माउलीने काय केलं? दगडातच वस्ती केली. ही बघा, या भिंतीत. काम थांबवलं नाही. कुठे थांबवलंय? चालूच आहे."

पोस्टमास्तरांनी पाटीबाईंच्या कानाशी लागून विचारलं की, तुमच्या लिहिण्याचा असाही अर्थ निघतो का? पाटीबाई म्हणाल्या, व्याकरणाने निघतो.

एवढ्यावर त्या कदाचित गप्प बसल्या असत्या. शहरात महाराज येत-जात असतात, आणि पाटीबाई त्यांच्यावर पाटी लावत नसत. पण त्या संध्याकाळी रांगेत त्यांना धाकटी दिसली.

धाकटी म्हणजे त्यांची सख्खी बहीण. दोघी एकाच घरात राहत. पाटीबाईंचं लग्न झालं नव्हतं आणि धाकटीचा नवरा वारला होता. धाकटी शाळेचे गणवेश शिवायची. पायाच्या मशीनवर तिची आयुष्यभराची कमाई चालली होती. पण साखरेच्या आजाराने तिचे तळपाय हळूहळू बधिर झाले. पाय पायडलवर आहे की जमिनीवर, हे तिला वाकून बघावं लागे. शिवण वाकडी जाऊ लागली, कामं परत येऊ लागली. ज्या बाईच्या हाताखाली शिकलेल्या मुलींनी दुकानं थाटली, तिला आता त्याच मुली उसवायचं काम देत होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की, गेलेली जाणीव परत येणं कठीण आहे, इंजेक्शनं चुकवू नका म्हणजे उरलेली टिकेल. ही काही ऐकायला गोड बातमी नव्हती.

त्या मानाने महाराजांची बातमी गोड होती. धाकटीने पाटीला हात लावला, सर्वांगातून झिणझिण्या गेल्या आणि तिला रडू फुटलं. पायापर्यंत गेलं, पायापर्यंत गेलं, असं ती सगळ्यांना सांगत सुटली. महाराजांनी तिला रांगेतून काढून आपल्याजवळ उभं केलं. त्या दिवसापासून धाकटी रोज जाऊ लागली आणि नव्या माणसांना ते सांगू लागले, "विचारा या शिवणकामवाल्या ताईंना. पाय मेले होते यांचे."

पाटीबाईंना यातली इंजेक्शनची गोष्ट बरीच उशिरा कळली. फ्रिजच्या दारातल्या इंजेक्शनच्या कुप्या जागच्या हलत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी विचारलं.

"बंद केलीत मी," धाकटी म्हणाली. "महाराज म्हणाले, जिथे माउलीचा हात फिरतोय तिथे सुई खुपसायची नाही."

"ती माउली आयुष्यभर लोकांच्या दंडात सुयाच खुपसत होती."

"तूच लिहिलंयस ना, देवीच्या साथीत?"

पाटीबाईंनी देवी म्हणजे कोणता रोग, तो कसा होई, लस कशी देत, हे तिला शाळेतल्यासारखं समजावून सांगितलं. धाकटीने ते शाळेतल्यासारखंच ऐकलं. शेवटी म्हणाली, ताई, ते सगळं खरं असेल, पण मला मुंग्या येतात त्याचं काय? तू एकदा हात लावून बघ आणि मग बोल.

हे म्हणणं रास्त होतं. पाटीबाई दुसऱ्या दिवशी रांगेत उभ्या राहिल्या. परातीतलं पाणी बघून त्यांनी रबरी तळव्याच्या चपला काढायला नकार दिला आणि तशाच पुढे गेल्या. पाटीला हात लावला. काही झालं नाही. महाराजांनी मान हलवली. "शिकलेल्या हाताची साल जाड असते," ते प्रेमाने म्हणाले. "चपलेबरोबर अहंकारही बाहेर ठेवून या बाई."

त्या तशाच परत फिरल्या असत्या तर ही गोष्ट वेगळी झाली असती. पण त्या गल्लीच्या तोंडाशी गेल्या, चपला काढल्या, पुन्हा रांग धरली, पाय बुडवले, पाटीला हात लावला. आणि झिणझिण्या आल्या. 'लस टोचली' या अक्षरांवर त्यांचा तळहात होता. तिथून काहीतरी बारीक थरथरत कोपरापर्यंत चढलं. त्यांनी हात काढला, पुन्हा लावला. पुन्हा तेच.

महाराज नुसते हसले.

घरी जाताना पाटीबाईंना राग आला नाही, भीती वाटली. जन्मभर ज्या गोष्टीला नाही म्हटलं ती आपल्या हाताला लागली, तर माणसाने करायचं काय? त्या रात्री नीट जेवल्या नाहीत. धाकटीने विचारलं तेव्हा त्या खोटं बोलल्या नाहीत. हो, आल्या म्हणाल्या. धाकटीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. थोरलीला असा धीर द्यायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती.

पण पाटीबाईंची एक जुनी सवय होती. जुन्या घटनेबद्दल कुणी काही सांगितलं की ते लगेच खोटं म्हणायचं नाही आणि खरंही म्हणायचं नाही. सांगणारा कुठे उभा राहून बघत होता, तेवढं आधी विचारायचं. त्या गल्लीसमोर एक बंद पडलेली पतपेढी होती. तिच्या पायरीवर त्या संध्याकाळच्या जाऊन बसू लागल्या आणि लोक कुठे उभे राहतात ते बघू लागल्या. म्हणजे त्यांचे पाय बघू लागल्या.

अनवाणी ओले पाय : झिणझिण्या. एका पोक्त बाईच्या पायांत मोजे होते, ते ओले झाले : झिणझिण्या. गमबूट घातलेला गटारसफाईवाला कामावरून परस्पर आला होता. त्याला काही झालं नाही, म्हणून महाराजांनी त्याच्या मागच्या जन्माबद्दल शंका घेतली. त्याने ती फारशी मनावर घेतली नाही. चाकाच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याला काही झालं नाही, तेव्हा महाराजांनी त्याचे पाय खाली ओल्या फरशीवर टेकवायला सांगितले. माउलीचं पहिलं दर्शन पायाला असतं, म्हणाले. मग झालं. म्हातारा थरथरला आणि गर्दीने हात जोडले.

एका संध्याकाळी त्या भागातली वीज गेली. दुकानं अंधारली, पाटीवरचा दिवा विझला. रांगेतल्या बाईने हात लावला. काही नाही. दुसऱ्याने लावला. काही नाही. महाराजांनी क्षणभर डोळे मिटले आणि डॉक्टरीणबाई मौनात गेल्याचं जाहीर केलं. लोक शांत बसून राहिले. काही वेळाने वीज आली, आणि बाईंचं मौन सुटलं.

पाटीबाई पायरीवरून उठल्या. त्यांना हसू आलं नाही. आपण इतके दिवस घाबरलो होतो याचंच त्यांना नवल वाटलं. वाटेत हार्डवेअरच्या दुकानातून त्यांनी एक टेस्टर घेतला. विजेच्या तारेला टोक लावलं की मुठीत लाल ठिपका पेटतो, तो.

घरी येऊन त्यांनी धाकटीला सगळं सांगितलं. पाटीत दिव्याची वीज उतरतेय, बाकी काही नाही. ओले पाय असले की ती अंगातून जमिनीत जाते. उद्या त्यात काही कमीजास्त झालं, तर माणूस जागेवर मरेल.

धाकटी ऐकत ऐकत पांढरी पडत गेली. पाटीबाईंना वाटलं, पटलं.

"तुला माझं बरं झालेलं बघवत नाही," धाकटी म्हणाली. "सगळं तुला कळतं. कधी माझ्या पायात एक दिवस राहून बघ."

त्यानंतर दोघी बोलेनाशा झाल्या. एका घरात दोन बायका न बोलता राहायला लागल्या की भांडीच जास्त बोलतात. पाटीबाई तिच्या ताटाशेजारी रोज इंजेक्शन काढून ठेवत. धाकटी ते रोज फ्रिजमध्ये परत ठेवी.

आणि मग एका संध्याकाळी पाटीबाई दिवा लावायला बाहेरच्या खोलीत आल्या, तर दारापासून मशीनपर्यंत फरशीवर पावलं उमटली होती. ओली आणि लाल. धाकटी गल्लीतून आली होती आणि सरळ मशीनवर बसली होती. मशीन चालू होतं. खाली लोळणाऱ्या पांढऱ्या शर्टाच्या कापडाला लाल डाग लागत होते आणि ती पुढची शिवण मारत होती.

"पायाला काय झालं?" पाटीबाईंनी विचारलं. कित्येक दिवसांत त्या पहिल्यांदा बोलल्या होत्या.

"कुठे काय?"

मग धाकटीने वाकून बघितलं. तिने पाय मांडीवर घेतला. अंगठ्याच्या खाली काचेचा एक लांबट तुकडा घुसला होता. फ्रेमवाल्याच्या दुकानात दिवसभर काच कापली जाई, तिचे तुकडे फरशीच्या फटींत पडलेले असत. तिने तो दोन बोटांनी धरला आणि ओढून काढला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. काच बरीच आत गेलेली होती. तिने ती दिव्यासमोर धरली. दोघी त्या काचेकडे बघत राहिल्या.

"हाताला कळत होतं ताई," धाकटी म्हणाली. "झिणझिण्या हातालाच यायच्या. मीच पायाला म्हणत होते."

पाटीबाईंनी रिक्षा बोलावली. इस्पितळात जखम बघितली, साखर बघितली आणि लगेच दाखल करून घेतलं. टाचेपाशी आणखी एक जखम निघाली, जुनी, आतून चिघळलेली. तीही कधी झाली ते धाकटीला ठाऊक नव्हतं. तिथली तरुण डॉक्टर तडकाफडकी बोलणारी होती. इंजेक्शन कधीपासून बंद आहे ते तिने विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून ते विचारलं, आणि उत्तर ऐकून कागदावर लिहायचं थांबली. मग म्हणाली, अंगठा बहुधा जाईल, पाय वाचवायचा प्रयत्न करू.

तो रविवार होता म्हणून असेल किंवा धाकटीनेच जा म्हणून सांगितलं म्हणून असेल, अंगठा काढल्याच्या दुसऱ्या दिवशी पाटीबाईंनी आपला फेरफटका रद्द केला नाही. पूल, विहीर, छापखाना करत त्या फ्रेमवाल्याच्या गल्लीत आल्या. मागे पोस्टमास्तर आणि ते जोडपं. या वेळी त्या कोपऱ्यावर थांबल्या नाहीत. ही पालिकेची पाटी आहे आणि मी तिची माहिती सांगायला आले आहे, असं म्हणत त्या रांगेच्या कडेकडेने पुढे गेल्या. पोस्टमास्तरांच्या काखेत एक लाकडी पाट होता, घरून आणलेला, कोरडा ठक्क.

महाराजांनी हसून स्वागत केलं. धाकट्या ताई दिसल्या नाहीत कालपासून, म्हणाले.

 नुकत्याच झिणझिण्या अनुभवून डोळे पुसत असलेल्या एका धिप्पाड गृहस्थांना पाटीबाईंनी विनंती केली की, पाय पुसा, या पाटावर उभे राहा आणि पुन्हा हात लावा. त्यांनी लावला. मग दुसरा हात लावला. मग ते ओशाळून महाराजांकडे बघायला लागले.

"लाकूड पृथ्वीतत्त्व अडवतं," महाराज म्हणाले.

"विजेलाही अडवतं," पाटीबाई म्हणाल्या आणि त्यांनी टेस्टरचं टोक पाटीला लावलं. मुठीत लाल ठिपका पेटला.

इथे त्यांचा अंदाज चुकला. गर्दीतून एक मोठा उसासा आला. "ज्योत," कुणीतरी म्हणालं. महाराजांनी संधी सोडली नाही. माउली या बाईंच्या हातात प्रकटली, म्हणाले, आणि तीही न मागता. पुढच्या दोन बायका टेस्टरला नमस्कार करायला वाकल्या. एकीने तो आपल्या नातवाच्या कपाळाला लावा म्हणून आर्जव केलं.

पाटीबाई तशाच दुकानात शिरल्या. काउंटरमागच्या प्लगमध्ये त्यांनी टेस्टर घातला. ठिपका पेटला. दारातून आत डोकावणाऱ्या गर्दीला त्यांनी तो दाखवला. त्या बाईने नातवाला जरा मागे घेतलं. प्लगमध्ये बोट घालू नये, एवढं तिला कुठल्याही शाळेत न जाता माहीत होतं.

फ्रेमवाला काउंटरमागे उभा होता. त्याच्या दुकानात पाटीच्या फोटोच्या फ्रेमा टांगलेल्या होत्या आणि त्यांचा खप चांगला होता. पाटीबाई त्याच्याशी अगदी हळू बोलल्या, पण दारातल्यांना ऐकू गेलं.

"माझी बहीण इस्पितळात आहे. तुमच्या दुकानातली काच तिच्या पायात गेली आणि तिला कळली नाही. जिच्या पायात जीव आला म्हणून तुम्ही लोकांना दाखवत होता, तीच. तिचा अंगठा काढला काल. आता मला एवढंच सांगा, उद्या ही भिंत ओली झाली आणि त्या पाटीला कुणी हात लावला, तर काय होईल?"

 फ्रेमवाल्याने मागे हात करून मेन स्विच पाडला. दुकान काळोखलं. पाटीवरचा दिवा विझला. तो पेचकस घेऊन बाहेर आला आणि महाराजांकडे न बघता पाटीचे स्क्रू काढू लागला.

पाटीच्या मागे, दिव्याकडे जाणाऱ्या तारेपासून एक बारीक तार फोडून पितळाला जोडलेली होती. मध्ये तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा, वीज फार जाऊ नये म्हणून बसवलेला. सुरुवातीला ते आपोआपच झालं होतं, फ्रेमवाल्याने सांगितलं. दिव्याची तार घासून उघडी पडली, पाटी पुसताना त्यालाच झटका बसला. तो वायरमनला बोलावणार होता. पायरीवर सावलीला बसलेले गादीवाले म्हणाले, दोन दिवस थांब. मग एक म्हातारा झटक्याने खालीच बसला, तेव्हा घाबरून दोघांनी मध्ये तो तुकडा घातला. माणूस मरू नये एवढी काळजी त्यांनी घेतली होती. माणूस बरा होत नाही, याची घेतली नव्हती.

महाराजांनी याही स्थितीत शेवटचा प्रयत्न केला. तार तर निमित्त आहे, म्हणाले, कृपा कुठल्या तरी वाटेने येणारच. पण त्यांचं बोलणं ऐकायला तोंडं वळली नाहीत. सगळे तारेकडे बघत होते. ती फारच साधी होती.

पाटीबाईंनी पाटी हातात घेतली आणि पोस्टमास्तरांना धरायला दिली. मग त्या म्हणाल्या, "देवी म्हणजे रोग. अंगभर फोड यायचे, माणसं आंधळी व्हायची, पोरं मरायची. डॉक्टरीणबाई त्यावरची लस घेऊन याच गल्लीत दारं ठोठावत फिरल्या. लोक म्हणाले, सुई टोचली तर देव कोपेल. दगड घातले त्यांच्या अंगावर. ज्यांनी टोचून घेतलं ते जगले. तुम्ही इथे उभे आहात, म्हणजे तुमच्या घरातल्या कुणीतरी दार उघडलं होतं. मी एवढंच लिहिलं होतं. आता घरी जा आणि ज्यांनी ज्यांनी औषध बंद केलंय त्यांनी ते आज रात्रीपासून सुरू करा."

टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. लोक चपलांच्या ढिगाकडे गेले आणि आपापल्या चपला शोधू लागले. काहींना सापडल्या नाहीत. काहीजण पाटीबाईंवरच चिडले होते. त्यांचं म्हणणं, चाललं होतं ते चालू द्यायचं, कुणाचं काय जात होतं? कुणाचं काय गेलं, ते पाटीबाईंनी त्या दिवशी पुन्हा सांगितलं नाही.

महाराज पुढल्या दोन दिवसांत शहरातून गेले. पोलिसांनी फ्रेमवाल्याला बोलावून जबाब घेतला. त्याच्याच पायरीवरून त्याने काचा झाडायला सुरुवात केली. धाकटीचा पाय वाचला. ती महिन्याने मशीनवर बसली, विजेच्या, गुडघ्याने दाबायच्या. शिवण सरळ येऊ लागली. इंजेक्शन मात्र ती थोरलीकडून घ्यायची, स्वतः नाही. तेवढा राग राहिला होता, किंवा लाड असतील.

पाटी पुन्हा भिंतीवर लागली, दिव्याशिवाय. माणसं तरीही येत राहिली. बातमी पोचायला वेळ लागत नाही, खुलासा मात्र पायी चालत जातो. अशाच एका रविवारी दुसऱ्या गावाहून एक बाई आली. बरोबर कमरेत वाकलेला नवरा. दोघांनी चपला काढल्या, पाटीला हात लावला, थांबले. पुन्हा लावला.

"बंद पडलीय का हो?" तिने पाटीबाईंना विचारलं.

पाटीबाईंनी तिला सगळं सांगितलं. बाईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, आमच्या शेजारणीला इथे येऊन बरं वाटलं होतं.

"वाटलं असेल," पाटीबाई म्हणाल्या. "माझ्या बहिणीलाही वाटलं होतं. बरं वाटणं खोटं नसतं. पण बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. तुमच्या यजमानांना काय हवंय?"

बाईने नवऱ्याच्या चपला पुढे सरकवल्या. त्या रात्री ती दोघं पाटीबाईंकडेच राहिली, आणि सकाळी पाटीबाई त्यांना घेऊन सरकारी इस्पितळात गेल्या. रांग दारापर्यंत आली होती. आतून डॉक्टरचा खेकसण्याचा आवाज येत होता. बाई पदर सावरून रांगेत उभी राहिली, पण तिचा पाय जागेवर ठरेना.

"इथे नक्की बरं होतं ना?" तिने विचारलं.

"नक्की कुणी सांगणार नाही," पाटीबाई म्हणाल्या. "इथे वेळ जातो, बोलणी खावी लागतात, गोळ्या कडू असतात, आणि कधीकधी डॉक्टरही चुकतात. पण काय दिलं, कशासाठी दिलं आणि त्याने गुण का नाही आला, हे तुम्ही इथे विचारू शकता. विचारलंत म्हणून कुणी तुमचा मागचा जन्म काढणार नाही. जिथे विचारता येतं, तिथेच उभं राहायचं."

रांग एका माणसाने पुढे सरकली. बाईने नवऱ्याचा दंड धरला आणि तीही सरकली.